तुमच्या वतीने सही कोण करणार?

पत्र: ताई, नमस्कार. मी ४७ वर्षांची. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला स्वतःच्या टाउनहाउसमध्ये राहते. आजच्या भावाने त्याचे नऊ लाख डॉलर येतील, अडीच लाखांचं कर्ज बाकी आहे. शिवाय ४०१के (नोकरीतला निवृत्ती निधी), थोडे शेअर्स आणि बँकेतली बचत आहे. नाशिकला माझ्या नावावर फ्लॅट आहे, त्यात आई-बाबा राहतात. दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यांना मी दर महिन्याला पैसे पाठवते. भाऊ पुण्यात असतो, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, त्याची मुलगी सोळा वर्षांची. मी आता अमेरिकेची नागरिक आहे. ऑफिसात लिव्हिंग ट्रस्टचा, म्हणजे हयातीतच मालमत्ता ट्रस्टच्या नावावर करून ठेवण्याचा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाला, “ते मुलाबाळांवाल्यांसाठी असतं, तुला साधं विल पुरे.” दुसरीने सुचवलं की घरावर भावाचं नाव लावून टाक, प्रश्न मिटला. मला खरंच ट्रस्ट करायला हवा का? ट्रस्टी म्हणून भावाशिवाय कोणी डोळ्यांसमोर येत नाही. सॅन होजेला एक जुनी, जिवाभावाची मैत्रीण आहे, पण तिच्यावर हा भार कसा टाकू?
— एक वाचक, फ्रीमाँट

नमस्कार.

तुमच्या सहकाऱ्याच्या नेमकं उलट माझं मत आहे. ज्यांना जोडीदार आहे त्यांची निम्मी कामं कागद न करताही होऊन जातात. घर बहुधा दोघांच्या नावावर असतं, बँकेत दोघांच्या सह्या चालतात, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर जोडीदाराला बाजूला घेऊन बोलतात. तुमच्या बाबतीत यातलं काहीही आपोआप होणार नाही. तुम्ही ज्याचं नाव लिहून ठेवाल, त्यालाच अधिकार मिळेल. म्हणून होय, तुम्ही ट्रस्ट करावा, आणि विवाहित मैत्रिणींपेक्षा तुम्हाला त्याची गरज जास्त आहे असं मला वाटतं.

ट्रस्ट म्हटलं की आपण लगेच मृत्यूनंतरचा विचार करतो. मला आधी हयातीतल्याच एका प्रसंगाबद्दल बोलायचं आहे. समजा, उद्या अपघात झाला किंवा पक्षाघात झाला आणि तुम्ही चार महिने सही करण्याच्या अवस्थेत नाही. घराचा हप्ता, प्रॉपर्टी टॅक्स, विमा, नाशिकला जाणारे पैसे, यांचं काय? विल इथे काहीही करू शकत नाही, कारण ते माणूस गेल्यावरच लागू होतं. कोणालाच अधिकार दिलेला नसेल तर कोर्टात कॉन्झर्व्हेटरशिपसाठी, म्हणजे तुमचे व्यवहार बघणारा माणूस नेमण्यासाठी, अर्ज करावा लागतो. तो वेळखाऊ आणि खर्चिक असतो, आणि तुमचे व्यवहार कोणी बघायचे हे शेवटी न्यायाधीश ठरवतात. रिव्होकेबल, म्हणजे हवा तेव्हा मोडता येणाऱ्या लिव्हिंग ट्रस्टमध्ये हेच तुम्ही आधी ठरवून ठेवता. ट्रस्ट करणाऱ्या तुम्ही, आज त्याच्या ट्रस्टीही तुम्हीच आणि लाभार्थीही तुम्हीच. घर विका, पैसे काढा, अख्खा ट्रस्ट मोडून टाका, कोणाला विचारायचं नाही. तुम्हाला व्यवहार बघणं शक्य नाही असं डॉक्टरांनी लेखी दिलं की तुम्ही नेमलेला सक्सेसर ट्रस्टी, म्हणजे तुमच्या जागी येणारा ट्रस्टी, काम हातात घेतो. बरं वाटलं की पुन्हा सूत्रं तुमच्याकडे. डॉक्टर एक हवेत की दोन, हे वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या आणि तुमची वैद्यकीय माहिती त्या माणसाला मिळावी यासाठी हिपाची (वैद्यकीय गोपनीयतेच्या कायद्याखालची) परवानगी त्याच वेळी सही करून ठेवा. ती नसेल तर डॉक्टर पत्र देणार नाहीत आणि ट्रस्टीला काम सुरू करता येणार नाही.

आता काहीच न करता तुम्ही गेलात तर काय होईल, तेही बघू. जोडीदार आणि मुलं नसतील तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे सगळं आई-वडिलांकडे जातं, ते नसतील तर भावंडांकडे. वरवर पाहता हे तुमच्या मनासारखंच आहे. पण ते नाशिकला बसलेल्या आई-बाबांपर्यंत पोचायचा रस्ता प्रोबेट कोर्टातून जातो; प्रोबेट म्हणजे गेलेल्या माणसाची मालमत्ता कोर्टाच्या देखरेखीखाली वारसांना वाटण्याची प्रक्रिया. मृत्युपत्र नसेल तेव्हा कोर्ट जो ॲडमिनिस्ट्रेटर नेमतं, तो अमेरिकेचा रहिवासी असावा लागतो. म्हणजे बाबाही नाहीत आणि भाऊही नाही; तुमच्या घरच्या माणसांपैकी कोणालाच ते काम करता येणार नाही. विलमध्ये भावाला एक्झिक्युटर (विलची अंमलबजावणी करणारा) नेमलंत तर ही अट आड येत नाही, पण प्रोबेट टळत नाही.

प्रोबेटचा खर्चही समजून घ्या, कारण “साधं विल पुरे” म्हणणाऱ्यांना तो सहसा माहीत नसतो. वकिलाची फी कायद्यानेच ठरलेली आहे: पहिल्या एक लाखावर ४ टक्के, पुढच्या एक लाखावर ३ टक्के, त्यापुढच्या आठ लाखांवर २ टक्के. ही टक्केवारी घराच्या पूर्ण किमतीवर धरतात, कर्ज वजा करत नाहीत. तुमच्या नऊ लाखांच्या घराचे २१,००० डॉलर होतात. एक्झिक्युटरलाही तेवढाच मेहनताना मागण्याचा हक्क आहे, म्हणजे ४२,००० पर्यंत. वर कोर्टाची फी वेगळी, आणि एक-दीड वर्ष थांबणं वेगळं. एप्रिल २०२५ पासून साडेसात लाख डॉलरपर्यंतच्या राहत्या घरासाठी सोपी प्रक्रिया आली आहे, पण तुमचं घर त्या मर्यादेच्या वर आहे. ट्रस्टच्या नावावर असलेल्या घराला प्रोबेट लागतच नाही.

भावाचं नाव घरावर लावण्याची सूचना मात्र मनातून काढून टाका. आपल्याकडे “नाव टाकून ठेवू” ही सवय फार जुनी आहे आणि त्यामागे प्रेमच असतं, पण इथे ते महागात पडतं. नाव लावलं की अर्धं घर त्या दिवशी भावाला भेट दिल्यासारखं होतं. २०२५ साली एका माणसाला वर्षाला १९,००० डॉलरपर्यंतची भेट न कळवता देता येत होती; अर्धं घर त्याच्या कितीतरी पुढे जातं, म्हणून गिफ्ट टॅक्सचं विवरणपत्र भरावं लागेल. शिवाय त्या अर्ध्या हिश्श्याचं प्रॉपर्टी टॅक्ससाठी नव्याने मूल्यांकन होऊ शकतं. उद्या भावाच्या धंद्यात देणी झाली तर सावकाराची नजर तुमच्या घरावर जाऊ शकते. आणि सगळ्यात मोठा तोटा: घर वारशाने मिळालं तर त्याची खरेदी-किंमत तुमच्या मृत्यूच्या दिवशीची धरतात, त्यामुळे तोवर वाढलेल्या किमतीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. भेट दिलेल्या अर्ध्या भागाला ही सवलत मिळेलच असं नाही. ट्रस्टमधल्या घराला ती पूर्ण मिळते. बँक खात्यात मैत्रिणीचं नाव जोडण्याबद्दलही माझं हेच मत आहे. जोड खात्यातले पैसे तुमच्यानंतर बहुधा तिचेच होतात, मग विलमध्ये काहीही लिहिलेलं असो.

आता भावाबद्दल. तुमचा त्याच्यावर विश्वास आहे आणि तो असायलाच हवा. तरीही त्याला एकट्याला सक्सेसर ट्रस्टी करू नका. कारण त्याचा पत्ता. ट्रस्टचे सगळे महत्त्वाचे निर्णय अमेरिकन करदात्याच्या हातात नसतील तर आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, त्या ट्रस्टला परदेशी ट्रस्ट मानते. मग वेगळी विवरणपत्रं, ती चुकली तर मोठे दंड, आणि काही प्रसंगी ट्रस्टमधल्या मालमत्तेच्या वाढलेल्या किमतीवर कर. तुमच्या आजारपणात पुण्यातल्या भावाने काम हातात घेतलं तरी हे लागू होऊ शकतं. त्यात इथल्या ब्रोकरेज कंपन्या परदेशात राहणाऱ्या ट्रस्टीबरोबर काम करायला नाखूश असतात. घर विकायचं तर चाव्या, रिअल इस्टेट एजंट, नोटरी, रखवाली, सगळं इथे. पुण्याहून रात्री जागून त्याने ते किती काळ करावं? त्याला लाभार्थी ठेवा. ट्रस्टीने त्याला दर वर्षी हिशेब द्यावा अशी अट घाला. त्याचं प्रेम कामी येईल अशी जागा त्याला द्या, कायद्याने ज्या जागी तो अडकेल ती नको.

मग राहते सॅन होजेची मैत्रीण. “तिच्यावर हा भार कसा टाकू” हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. एकट्या राहणाऱ्या, सगळं आपलं आपण निभावणाऱ्या बायकांकडून हे वाक्य मला अनेकदा ऐकायला मिळतं. कोणाला त्रास द्यायचा नाही म्हणून त्या कोणालाच काही सांगत नाहीत, आणि मग वेळ येते तेव्हा त्याच मैत्रिणी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कसलाही अधिकार नसताना उभ्या राहतात. खरा भार तो असतो. तिला विचारा. पण “काही झालं तर तू आहेसच” असं मोघम विचारू नका, नेमकं विचारा: माझी तब्येत बिघडली तर माझे हप्ते आणि बिलं तू बघशील का? मी गेल्यावर घर विकून पैसे वाटण्याचं काम करशील का? त्याबद्दल ट्रस्टमधून रीतसर मानधन मिळेल, वकील आणि अकाउंटंटचा खर्च ट्रस्ट देईल, हेही सांगा. आणि नाही म्हणायला तिला खरी मोकळीक द्या. ती तुमच्याच वयाची असेल तर तिच्यामागे दुसरं, शक्य तर वयाने लहान असलेलं नाव हवंच.

तिने नाही म्हटलं तर वाट बंद होत नाही. कॅलिफोर्नियात प्रोफेशनल फिड्युशिअरी म्हणून सरकारी परवाना असलेली माणसं हेच काम व्यवसाय म्हणून करतात. राज्याच्या प्रोफेशनल फिड्युशिअरीज ब्यूरोकडे त्यांची नोंद असते आणि परवाना चालू आहे की नाही हे तपासता येतं. फी लागते, पण मुलं नसलेल्या लोकांसाठी हा फार चांगला पर्याय आहे आणि आपल्या लोकांना तो जवळजवळ माहीतच नाही. माझी सूचना अशी: पैशांचं काम परक्या व्यावसायिकाकडे गेलं तरी चालेल, तब्येतीचे निर्णय मात्र तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाकडे ठेवा. व्हेंटिलेटर किती दिवस ठेवायचा, हे तुमचा स्वभाव माहीत असलेल्या माणसानेच सांगायला हवं. त्यासाठी ॲडव्हान्स हेल्थ केअर डायरेक्टिव्ह हा वेगळा कागद आहे, ट्रस्टमध्ये तो येत नाही. या कागदाने नेमलेल्या व्यक्तीला, तुम्ही तो अधिकार वगळला नसेल तर, अंत्यसंस्कारांचा निर्णय घेण्याचा पहिला हक्कही कॅलिफोर्नियात मिळतो. दहन कुठे, अस्थी नाशिकला गोदावरीत न्यायच्या का, हे त्यातच लिहून ठेवा, म्हणजे आई-बाबा तिकडे आणि मैत्रीण इकडे, दोघांनाही अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

आई-बाबांच्या महिन्याच्या पैशांसाठी तर ट्रस्टसारखं दुसरं साधन नाही. विलने सगळी रक्कम एकदम त्यांच्या हातात येईल आणि पंच्याहत्तरीच्या पुढे ती सांभाळणं, गुंतवणं, कोणाला नाही म्हणणं हे त्यांच्यावर येईल. ट्रस्टमध्ये तुम्ही लिहू शकता की दोघं आहेत तोवर दर महिन्याला अमुक रक्कम, औषधपाणी आणि कामाच्या बाईचा खर्च वेगळा, आणि त्यांच्यानंतर उरलेलं भावाला, भाचीला किंवा एखाद्या संस्थेला. रक्कम आकड्यात बांधून टाकू नका. दहा वर्षांनी ती तोकडी पडेल. त्यांचं राहणीमान आणि आरोग्य यांना लागेल तेवढं, अशा शब्दांत लिहून घ्या. भाचीसाठी सोळाव्या वर्षी काही ठरवायचं तर शिक्षणाचा खर्च लागेल तसा आणि बाकीचं पंचविशी-तिशीत टप्प्याटप्प्याने देता येतं. दोन करांच्या गोष्टी वकिलाला आठवणीने विचारा: ट्रस्टच्या उत्पन्नातून परदेशातल्या लाभार्थ्याला पैसे जाताना इथे कर कापावा लागू शकतो, आणि भारतात राहणाऱ्या लाभार्थ्याला आपल्या विवरणपत्रात परदेशी ट्रस्टमधला हितसंबंध दाखवावा लागतो. भारतात वारसाकर नाही, इस्टेट ड्यूटी १९८५ साली रद्द झाली, पण ट्रस्टमधून मिळणाऱ्या पैशांबाबत भावाने त्याच्या सीएला आधी विचारलेलं बरं.

इथला फेडरल इस्टेट टॅक्स, म्हणजे माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवरचा कर, तुम्हाला लागणार नाही. २०२६ साठी सूट १५ दशलक्ष डॉलर आहे आणि कॅलिफोर्नियाचा स्वतःचा असा कर नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या वाचकांनी मात्र सावध राहावं: अमेरिका हे तुमचं कायमचं घर नाही असं ठरलं तर ती सूट फक्त ६०,००० डॉलर असते.

ट्रस्टवर सही झाली म्हणजे काम संपलं असं समजून बरेच जण थांबतात. घर ट्रस्टच्या नावावर करायला नवी डीड (मालकीचा दस्त) नोटरी करून अलमीडा काउंटीच्या रेकॉर्डरकडे नोंदवावी लागते. ती केली नाही तर ट्रस्टचा जाडजूड कागद रिकाम्या तिजोरीसारखा पडून राहतो आणि घर प्रोबेटलाच जातं, नाहीतर वारसांना कोर्टात वेगळा अर्ज करून घर ट्रस्टचंच आहे हे सिद्ध करावं लागतं. डीड बदलल्याने प्रॉपर्टी टॅक्सचं नवं मूल्यांकन होत नाही. तुम्ही स्वतः राहता त्या घरासाठी बँक “आता सगळं कर्ज एकदम फेडा” असंही म्हणू शकत नाही, १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने ते संरक्षण दिलेलं आहे. पुढे कधी रिफायनान्स केलंत, म्हणजे जुन्याच्या जागी नवं कर्ज घेतलंत, आणि बँकेने त्यासाठी घर तुमच्या वैयक्तिक नावावर घ्यायला लावलं, तर नंतर ते आठवणीने पुन्हा ट्रस्टमध्ये टाका. बँक आणि ब्रोकरेज खातीही ट्रस्टच्या नावावर करून घ्या. तुमच्या हयातीत ट्रस्टचं उत्पन्न तुमच्याच सोशल सिक्युरिटी नंबरवर दाखवायचं असतं, वेगळं विवरणपत्र लागत नाही. राहून गेलेल्या वस्तू मागाहून ट्रस्टमध्ये याव्यात म्हणून पोर-ओव्हर विल करतात, ते वकील सोबतच देतात.

४०१के ट्रस्टच्या नावावर करू नका, करताही येत नाही. तिथे तुम्ही लिहून दिलेल्या बेनिफिशिअरीचं, म्हणजे लाभार्थ्याचं, नाव चालतं, आणि ते विल व ट्रस्ट दोघांच्याही वर असतं. भारतात नॉमिनी हा बहुतेक वेळा वारसांसाठी पैसे सांभाळणारा असतो. इथे बेनिफिशिअरी हाच मालक होतो, म्हणून हे नाव हलक्याने घेऊ नका. नोकरीला लागताना कोणाचं लिहिलं होतं ते आजच बघा. इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. २०१९ च्या सिक्युअर कायद्याने बहुतेक वारसांना असा निधी दहा वर्षांत काढून घ्यावा लागतो, पण मृत व्यक्तीपेक्षा दहा वर्षांहून अधिक लहान नसलेल्या वारसाला तो आयुष्यभरात पसरून घेता येतो. तुमचा भाऊ तीन वर्षांनी लहान, म्हणजे तो यात बसतो; भाची बसत नाही. म्हणून ४०१के भावाला आणि घर-शेअर्स ट्रस्टमार्फत आई-बाबांना व भाचीला, अशी विभागणी करांच्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे.

नाशिकच्या फ्लॅटला अमेरिकन ट्रस्टमध्ये ओढू नका. त्यासाठी भारतात, भारतीय कायद्याप्रमाणे, फक्त भारतातल्या मालमत्तेचं वेगळं मृत्युपत्र करा. आणि इथे एका वाक्यावर डोळा ठेवा. अमेरिकन विलच्या छापील नमुन्यात “यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे मी रद्द करते” असं असतं. ते तसंच राहिलं तर नाशिकचं मृत्युपत्र एका सहीत गेलं. दोन्हीकडच्या वकिलांना दुसऱ्या कागदाची माहिती द्या आणि प्रत्येक कागद फक्त त्या देशातल्या मालमत्तेपुरता आहे असं लिहून घ्या. आई-बाबांना त्या घरात शेवटपर्यंत राहण्याचा हक्क राहील, हेही त्यात स्पष्ट हवं.

वकील इस्टेट प्लॅनिंगचाच निवडा आणि पहिल्याच भेटीत सांगा की लाभार्थी भारतात आहेत. त्यावर त्याने परदेशी ट्रस्टी आणि परदेशी लाभार्थी यांबद्दल तुम्हाला प्रश्न विचारले नाहीत तर दुसरा वकील बघा. हॉटेलात जेवण देऊन घेतल्या जाणाऱ्या लिव्हिंग ट्रस्टच्या सेमिनारपासून दूर राहा; तिथे ट्रस्टच्या आडून ॲन्युइटी (विमा कंपन्यांच्या पेन्शनसारख्या योजना) विकण्याचे प्रकार बरेच झाले आहेत. पुढेमागे कायमचं भारतात परतायचं ठरवलंत तर जाण्याआधी हा सगळा कागद पुन्हा तपासून घ्या, कारण तुम्ही स्वतः ट्रस्टी असताना तुमचं रहिवासाचं आणि नागरिकत्वाचं उत्तर बदललं तर ट्रस्टचंही बदलू शकतं.

पहिल्यांदा हेल्थ केअर डायरेक्टिव्ह करा. त्याचा नमुना कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो, दोन साक्षीदार किंवा नोटरी पुरते, वकील लागत नाही. मैत्रिणीशी बोलणं झालं की त्याच आठवड्यात होईल. त्याच बैठकीत ४०१केची बेनिफिशिअरी तपासा. मग वकील, ट्रस्ट, आर्थिक व्यवहारांची पॉवर ऑफ ॲटर्नी (मुखत्यारपत्र) आणि डीड, हे सगळं दोन-तीन महिन्यांत उरकतं. नाशिकचं मृत्युपत्र पुढच्या भेटीत करा. साक्षीदार दोन, तुमच्यापेक्षा तरुण आणि मृत्युपत्रात ज्यांना काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नाही, पण तुम्ही तिकडे राहत नाही म्हणून दुय्यम निबंधकांकडे ती करूनच या, आणि मूळ कागद कुठे ठेवला आहे ते भावाला सांगून या.